उसना पाऊस

गेल्या महिन्यात हिंदवाडीत माझ्या एका जुन्या मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण ‘माझ्याविषयी काय पाहिजे ते लिही, खरं नाव घालू नको’ असे त्याने मला फार पूर्वीच बजावून ठेवले आहे. (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, नाहीतर खोटे नाव घालायला त्याची हरकत नाही, असा अर्थ निघायचा.) दुपारची शेवटची पंगत उठली होती. गच्चीवरच्या मांडवात पंखा नुसताच गरगरत होता, खाली स्वयंपाकाची माणसे पातेली घासत होती आणि आम्ही चार-पाच जण वाटीत कुंदा घेऊन खुर्च्यांवर सैलावून बसलो होतो. तेवढ्यात मित्राचा पुतण्या पाण्याचा जग घेऊन वर आला. वय अठरा-एकोणीस. सकाळचा झब्बा उतरवून त्याने काळा टी-शर्ट चढवला होता आणि त्यावर ते लालभडक ओठ आणि बाहेर काढलेली ती जीभ. माझा चमचा वाटीतच थांबला. ‘यांचं कुठलं गाणं आवडतं रे तुला?’ मी विचारले. ‘गाणं?’ तो गोंधळला. ‘काका, हा कपड्यांचा ब्रँड नव्हे?’

मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन, डोळे पुसून तो पुतण्याला म्हणाला, ‘अरे, ही गाणारी माणसं आहेत. रोलिंग स्टोन्स. आम्ही दोघांनी प्रत्यक्ष बघितलंय त्यांना. बेंगलोरला, २००३ साली. काय पाऊस लागलेला, काय पाऊस!’ आणि पुढचे सांगायला घ्यावे अशा अपेक्षेने त्याने माझ्याकडे पाहिले.

मी बेंगळूरला गेलोच नव्हतो.

हे त्याच वेळी सांगून टाकणे अगदी सोपे होते. ‘तू बेंगलोरला, मी मुंबईला’ एवढे चार शब्द पुरले असते, आणि त्यावर दोन मिनिटे हशाही झाला असता. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, पुतण्या जग हातात धरून उभा होता, आणि माझ्या तोंडून निघाले ते असे: ‘चिखलात माझी एक चप्पल रुतली ती रुतलीच. दुसरी मग तिथेच टाकली आणि चेन्नम्मा एक्स्प्रेसनं अनवाणी घरी आलो.’ सगळे खो खो हसले. मित्राने तर मांडीवर थाप मारली. ‘होय की! चप्पल! ते मी विसरूनच गेलतो बघ.’ ती चप्पल त्याची होती. अनवाणी तो आला होता. बावीस वर्षांपूर्वी त्याने ती गोष्ट मला सांगितली होती, आणि आता मी ती त्याच्यासमोर, त्याच्याच नव्या घराच्या गच्चीवर बसून, स्वतःच्या नावावर खपवली होती. आणि ज्याची होती त्याला पत्ताही नव्हता. घरी जाताना रेल्वेचे गेट पडलेले मिळाले. गाडीची वाट पाहत स्कूटर बंद करून उभा असताना मला त्या उघड्या पायांना लागलेला डब्याचा गार पत्रा अगदी स्पष्ट आठवत होता. जो प्रवास मी केलाच नाही, त्यातला पत्रा.

तेव्हापासून हे मनातून जात नाही. खोटे बोलल्याचे म्हणाल, तर लग्नाकार्यात आपण याहून मोठी खोटी बोलतो आणि विसरून जातो. मला टोचते ते हे की बोलताना ते मला खोटे वाटले नाही.

स्टोन्स आमच्यापर्यंत आले ते गोव्याच्या वाटेने. मित्राचे जुने घर कॅम्पात. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होते, त्यांच्याकडे मे महिन्यात म्हापशाहून नातेवाईक यायचे आणि जाताना कॅसेट विसरून जायचे, किंवा विसरल्यासारखे करायचे. १९९० च्या सुट्टीत अशीच एक कॅसेट मित्राच्या हाती लागली. आम्ही नववीची परीक्षा देऊन मोकळे झालो होतो. तिचे कव्हर हरवलेले होते, लेबलावर निळ्या बॉलपेनने लिहिलेली अक्षरे घामाने फिसकटली होती, आणि पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे अर्ध्यातच तुटायचे. ते पुढे कसे जाते हे आम्हाला कित्येक वर्षे माहीत नव्हते. मग पूर्ण गाणे जेव्हा पहिल्यांदा ऐकले तेव्हा उरलेला भाग कोणीतरी उगीच जोडल्यासारखा वाटला. शब्द तर कळतच नव्हते. गाणारा माणूस तोंडात काहीतरी धरून, चघळून, अर्धे थुंकून टाकल्यासारखा गायचा. आम्ही त्याला आमचेच शब्द बसवले होते. त्यांतले काही मराठी होते, काही कानडी, आणि काही इथे लिहिण्यासारखे नव्हते.

माझे घर शहापुरात. दिवसभर गल्लीत मागांचा आवाज. खटक-खट, खटक-खट. लहानपणापासून तो आवाज कानांत इतका मुरलेला, की सुट्टीच्या दिवशी माग बंद असले म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखे वाटे. वडील गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. मी कॅसेट घरी आणली तेव्हा ते ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांना ते गाणे आवडण्याचा प्रश्नच नव्हता. ‘कुणाला तरी दाराच्या फटीत बोट सापडलंय’ हा गायकाविषयीचा त्यांचा अभिप्राय. पण जरा वेळाने त्यांचा हात थांबला. ‘हा ढोलकीवाला मधेच हात उचलतो काय रे?’ मला काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी कॅसेट मागे घ्यायला लावली, डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, ‘ह्या माणसाला खाली कळते.’ एवढेच. पुन्हा पानाकडे वळले.

खाली म्हणजे तालातली भार न देता रिकामी सोडलेली जागा. त्याचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी कळला. ड्रम वाजवणाऱ्यांचा उजवा हात झांजेवर अखंड चालू असतो आणि डावा हात दुसऱ्या व चौथ्या मात्रेला मधल्या ड्रमवर आघात करतो. चार्ली वॉट्स मात्र डावा हात पडताना उजवा उचलून घेत असे. तेवढ्या क्षणापुरती झांज गप्प. त्यामुळे तो आघात मोकळा, एकटा ऐकू येतो. जाणकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. शहापुरातल्या एका पखवाज्याने ते घामट, फिसकटलेल्या कॅसेटवरून ओळखले होते, आणि त्याला त्या माणसाचे नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता आले नाही.

आजीचा हिशेब वेगळाच. पुढे कॉलेजात असताना मित्राने गोव्याहून मला तो जिभेचा टी-शर्ट आणून दिला. तो दोरीवर वाळत घातलेला पाहून आजी थबकली, जवळ गेली, आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, ‘काळम्मा हाय बाई ही. असली अंगात घालून हिंडू नये.’ आम्ही तिची यथेच्छ टिंगल केली. मग एकदा वाचनात आले, की १९७० साली जॉन पॅश या तरुण चित्रकाराला चिन्हाचे काम सांगताना मिक जॅगरने त्याला कालीमातेचे चित्र दाखवले होते. तोवर आजी गेलेली होती. तो टी-शर्ट तिने कधी धुतला नाही. ‘देवीला साबण लावत नाही’ म्हणायची, आणि मला स्वतःला धुवायला लावायची. त्यात तिची भक्ती किती आणि सोय किती, हे काही सांगता यायचे नाही.

मित्र गिटार शिकला. म्हणजे कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे सहा महिने गेला आणि मग कुठेतरी त्याला समजले की कीथ रिचर्ड्स बऱ्याच गाण्यांना गिटारची सर्वांत खालच्या स्वराची तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारा वेगळ्या स्वरांत लावतो. त्याच दिवशी याने आपली सहावी तार काढली. मास्तर संतापले. वडिलांना वाटले, तार तुटली आहे आणि पोरगे पैशांच्या भीतीने सांगत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी बाजारात जाऊन नवी तार आणून ठेवली. ती कागदाच्या पाकिटात गुंडाळलेली तार परवा वास्तुशांतीच्या दिवशी देवघराशेजारच्या कपाटात मी पाहिली. अजून पाकिटातच आहे.

२००३ च्या सुरुवातीला बातमी आली, की स्टोन्स येणार. चाळीस वर्षे झाली होती त्यांना, आणि हिंदुस्थानात पहिल्यांदाच कार्यक्रम करणार होते. दोन ठिकाणी: शुक्रवारी ४ एप्रिलला बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर, आणि सोमवारी ७ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. बेळगावच्या माणसाला ही बातमी कशी लागते, हे बाहेरच्याला सहजासहजी कळणार नाही. महामार्गावरून बेंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही पाचशे किलोमीटर, दहा-वीस इकडे-तिकडे. एका बाजूला आमचे उतारे, दाखले, बदल्या, नोकरीचे आदेश. दुसऱ्या बाजूला आमचे मामा, नाटके, दिवाळी अंक आणि रात्रीच्या गप्पा. आजवर या दोहोंतून निवड करा असे निवेदनांतून आणि मोर्च्यांतून पुष्कळदा झाले होते. पण चार म्हातारे इंग्रज येऊन तोच प्रश्न तिकिटाच्या रूपाने आमच्या हातात ठेवतील, असे मनातही आले नव्हते.

खरे तर आमचे दोघांचे मुंबईच ठरले होते. गिरगावातल्या मामांना पत्र गेले होते. मार्चमध्ये मित्र म्हणाला, ‘अरे, बेंगलोरला हेड ऑफिसचं काम निघालंय. शुक्रवारी दुपारी मोकळा होतो. रजाही घालवायला नको. माणसं तीच, गाणी तीच. तू पण तिकडंच ये की.’ त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. सत्तावीस वर्षांचा होतो. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या निषेधफेरीत दरवर्षी काळी फीत लावून चालत होतो. मी त्याला जे बोललो त्यातले अर्धे आता आठवत नाही आणि उरलेले अर्धे आठवते याचे वाईट वाटते. ‘तुझ्यासारख्यांमुळेच’ अशी एका वाक्याची सुरुवात होती. तो ऐकून घेत गिटारचे कान पिळत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘ते लोक लंडनचे आहेत रे. त्यांना कुठं ठाऊक आपली भांडणं?’ दोघांनी वेगवेगळी तिकिटे काढवली, तो त्याच्या मेहुण्याकडून, मी मामेभावाकडून. मधल्या काळात सार्सच्या साथीमुळे त्याच दौऱ्यातले हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम रद्द झाल्याचे छापून आले, तेव्हा मात्र आम्ही भांडण विसरून रोज संध्याकाळी भेटून पेपर वाचत होतो. भारतातले कार्यक्रम टिकले. आम्ही पुन्हा अबोला धरला.

रविवारी रात्री मी लक्झरी बसने निघालो. चौपदरीकरणाचे काम चालले होते. दर दहा मिनिटांनी बस महामार्ग सोडून कच्च्या वळणावर उतरायची, खिडकीच्या फटीतून लाल धूळ आत यायची आणि पुढच्या सीटवरचे मूल ठसकून रडायचे. राज्याच्या हद्दीवरची कोगनोळी ओलांडली तेव्हा मी जागा होतो. दरवेळी असतो. पाट्यांवरची अक्षरे बदलतात आणि रस्त्याच्या कडेची माणसे बदलत नाहीत, हे अंधारातही दिसते. त्या वेळी माझ्या मनात एक भलताच विचार आला होता, की शुक्रवार आणि सोमवारच्या मधे ही माणसे विमानाने मुंबईला गेली असतील ती कदाचित आमच्याच डोक्यावरून. मला त्याचे फार हसू आले. आमच्या भागावरून सगळे असेच तर जातात.

ब्रेबॉर्नवरच्या त्या रात्रीविषयी मी आजवर लोकांना पुष्कळ सांगितले आहे, आणि जे सांगितले ते सगळे खरे आहे. एप्रिलमधला तो मुंबईचा घाम. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मैदानात वाऱ्याची एक झुळूक नाही. माझ्या गळ्यात मामांची दुर्बीण होती. ते पक्षी पाहायचे. दारावरच्या शिपायाने ती उलटसुलट करून पाहिली, स्वतःच्या डोळ्यांना लावली, लांबवरच्या गर्दीकडे बघितले आणि काय दिसले कोण जाणे, हसून परत दिली. मी बराच मागे होतो. पहिली गिटार वाजली तेव्हा ती कानांनी ऐकण्याआधी छातीच्या पिंजऱ्यात ऐकू आली. आसपासची माणसे एकदम उंच झाली, म्हणजे सगळ्यांनीच टाचा उचलल्या, आणि मला काही दिसेना. जॅगर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. आम्ही त्याला म्हातारा म्हणत होतो. आता मी पन्नाशीला टेकलो आहे, जिना चढताना गुडघे बोलतात, आणि तो माणूस त्या उकाड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कसा धावत होता हे त्या रात्रीपेक्षा आज जास्त कळते.

पण मी दुर्बीण धरली होती ती मागच्या माणसावर. एवढ्या गोंधळात तो एकटाच असा बसला होता, की जणू एखादे जुने खाते तपासत आहे. पाठ ताठ, चेहऱ्यावर काही नाही. दोन खांद्यांच्या मधली फट सापडली आणि मला त्याचा उजवा हात दिसला. डावा पडला, उजवा उचलला. डावा पडला, उजवा उचलला. वडिलांनी तेरा वर्षांपूर्वी डोळे मिटून ऐकलेली ती खाली मी डोळ्यांनी पाहत होतो. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली. ती घामाची असेल. घरी आल्यावर वडिलांना सांगितले, ‘खरंच उचलतो हात.’ ते म्हणाले, ‘मग? मी काय सांगत होतो?’ त्यांना तिकिटाच्या पैशांत एवढीच खात्री झाली, याचे थोडे वाईट वाटल्यासारखे दिसले.

एक गोष्ट मात्र मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, चाळिशीचे, बायकोसह आलेले, मराठी. अत्यंत सज्जन. पाण्याची बाटली दिली, वर्तमानपत्राचा कागद वारा घ्यायला दिला. दोन गाण्यांच्या मधे त्यांनी विचारले, ‘कुठून आलात?’ मी जरा अभिमानाने म्हणालो, ‘बेळगावहून.’ रात्रभर बसून आलो होतो. कौतुकाची अपेक्षा होती. ‘अरे वा, एवढ्या लांबून!’ ते म्हणाले, आणि क्षणभर विचार करून, अगदी आपुलकीने पुढे म्हणाले, ‘पण तुमच्या राज्यात तर शुक्रवारीच झाला की कार्यक्रम. बेंगलोर जवळ पडलं असतं ना तुम्हाला?’

मी म्हणालो, ‘अंतर सारखंच आहे.’

पुढचे गाणे सुरू झाले. ते कोणते होते हे मला आठवत नाही. त्या रात्रीतले तेवढे एकच गाणे आठवत नाही.

परत आलो तेव्हा मित्र कॅम्पातल्या आमच्या नेहमीच्या बेकरीपाशी उभा होता. पायात नव्या कोऱ्या चपला. अबोला कोणी मोडला ते कळले नाही. चपलांविषयी मीच विचारले असावे. मग त्याने सांगायला सुरुवात केली. कार्यक्रमाआधी आभाळ फुटल्यासारखा पाऊस. पॅलेस ग्राउंडचा गुडघाभर चिखल. (पहिल्या खेपेला घोट्यापर्यंत होता, हे मला पक्के आठवते.) गर्दीत कुठून तरी चार पोरे एक निळी ताडपत्री डोक्यावर धरून उभी होती, दावणगेरेची. याला भिजताना पाहून त्यांनी विचारले, ‘याव ऊरु?’ हा म्हणाला, ‘बेळगाव.’ ‘ओळग बर्री,’ म्हणत त्यांनी याला आत ओढले. आणि मग पाच जण त्या ताडपत्रीखाली, पाण्याचा एकेक फुगवटा काठीने वर ढकलत, स्टोन्स सुरू होण्याची वाट पाहत उभे. एका पोराच्या पिशवीत आईने दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी होती. याच गडबडीत चप्पल गेली. ती शोधायला एका पोराने टॉर्च पेटवला, तेव्हा चिखलात लोकांच्या इतक्या चपला रुतलेल्या दिसल्या की आपली कोणती हे कळेना. त्यातली एखादी पायाला होते का, म्हणून दोघा-तिघांनी पाय घालूनही पाहिले.

ही गोष्ट मी त्या दिवसापासून किती वेळा ऐकली असेन! लग्नात, बारशांत, गणपतीच्या मांडवात, पावसाळ्यात बसची वाट पाहताना. सांगता सांगता चिखल घोट्यावरून गुडघ्यावर चढला, चार पोरांची सहा झाली, भाकरीबरोबर एकदा झुणकाही आला. मी कधी हरकत घेतली नाही. आमच्या घरी याची परंपराच आहे. वडिलांनी तरुणपणी बेळगावात कुमार गंधर्वांची एक बैठक ऐकली होती. सुळेभावी इथून कितीशी लांब, त्यामुळे ‘आपला कुमार’ असाच उल्लेख. माझ्या लहानपणी ती बैठक रात्री एकला संपत असे. मी कॉलेजात गेलो तेव्हा तीन वाजले होते. नातवंडांना सांगताना उजाडले होते आणि बाहेर दूधवाला उभा होता. आई आतून म्हणायची, ‘त्या रात्री साडेबाराला येऊन जेवायला वाढायला लावलं होतं मला.’ वडील तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘ती दुसरी बैठक.’

माझ्या ब्रेबॉर्नची गोष्ट अशी वाढली नाही. घामाची गोष्ट वाढत नाही. शिवाय ती सांगायला लागलो की एका जागेशी येऊन मला ती जपून ओलांडावी लागे, फुटकी फरशी ठाऊक असलेला माणूस ओलांडतो तशी. मित्राच्या गोष्टीत तशी जागा नव्हती. तिथे गावाचे नाव विचारले होते, सांगितले होते, आणि तेवढ्यावर आत घेतले होते. म्हणून असेल, किंवा मी ती जास्त वेळा ऐकली म्हणून असेल, हळूहळू मला त्या ताडपत्रीचा वास येऊ लागला. ओले प्लॅस्टिक, ओले केस आणि शेंगाचटणी. आता लिहितानाही येतो आहे. त्याउलट ब्रेबॉर्नचा म्हणून काही वास आठवायला गेलो तर वर्तमानपत्राच्या शाईचाच येतो.

पुरावा म्हणाल तर कोणाकडेच नाही. तेव्हा आमच्या खिशात कॅमेरे नव्हते. माझे तिकीट मी शब्दकोशात जपून ठेवले होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले आणि खालच्या फळीवरचा शब्दकोश फुगून विटेसारखा झाला. तो उन्हात ठेवून पाने सोडवली, तेव्हा तिकिटाचा कागद दोन शब्दांच्या मधे गुलाबीसर लगदा होऊन चिकटलेला होता. माझ्या तिकिटाला पाऊस लागला तो असा, सोळा वर्षे उशिरा. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२१ च्या रात्री मित्राचा फोन आला. ‘चार्ली गेला.’ ऐंशी वर्षांचा होता. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. मग पलीकडून टेबलावर बोटांचा आवाज येऊ लागला, तोच ठेका, आणि मी इकडे कान देऊन तो कुठे थांबतो ते ऐकत राहिलो. मित्राला खाली जमत नाही. कधीच जमली नाही. त्या रात्री मी त्याला तसे सांगितले नाही.

परवा रविवारी पुतण्या घरी आला. वास्तुशांतीला माझी बायको येऊ शकली नव्हती, म्हणून तिच्यासाठी कुंद्याचा डबा पाठवला होता. अंगात तोच टी-शर्ट. या मधल्या दिवसांत त्याने गाणी ऐकली होती. गाडी लावता लावताच सांगू लागला, की काका, तो ड्रमवाला भारी आहे, काहीतरी वेगळंच करतोय. मला एकदम वडिलांची ओसरी आठवली. एवढे ऐकणाऱ्या पोराशी तरी लबाडी नको, असे वाटून मी त्याला बसवले, चहा दिला आणि सगळे सांगून टाकले. मी बेंगळूरला नव्हतो. चप्पल तुझ्या काकाची. मी मुंबईला होतो, ब्रेबॉर्नवर, सोमवारी.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. कपातला चहा दोनदा फुंकला.

‘मुंबईला पाऊस होता?’

‘नाही.’

‘मग काय होतं?’

‘घाम होता. खूप गर्दी होती. मी मागे होतो, दुर्बिणीतून बघत होतो.’

तो जरा वेळ थांबला. माझे मन न दुखवता कसे सांगावे याचा विचार करत असावा. मग कप खाली ठेवून म्हणाला, ‘काका, मग तुम्ही बेंगलोरचंच सांगा की.’